शेताचा वाटा घेतला, पण फ्लॉवर कुठेय?

प्रश्न: आम्ही कोथरूडला राहतो. जूनमध्ये मुळशीकडच्या एका शेताचं सहा महिन्यांचं सबस्क्रिप्शन घेतलं, पैसे सगळे आधीच भरले, शेत रीजनरेटिव्ह, म्हणजे मातीचा कस परत वाढवणारं आहे म्हणे. आता दर आठवड्याला पिशवीत दुधी, दोडका, अळू, माठ आणि परत दुधी! टोमॅटो नाही, फ्लॉवर नाही, मटार तर विचारूच नका. मुलं वैतागलीत, सासूबाई म्हणतात मंडईत निम्म्या भावात मिळतं. एकदा तर पावसामुळे पिशवीच आली नाही आणि पैसेही परत नाहीत. आम्ही फसलो का?

उत्तर: ताई, पिशवीवरून तरी तसं वाटत नाही. उलट भर श्रावणात मुळशीतून मटार आला असता तर मी म्हटलं असतं, हा माल शेतातला की मार्केट यार्डातला ते आधी विचारा. त्या धो धो पावसात उघड्यावर टोमॅटो लावला की करपा रोग येणार आणि करपा आवरायचा तर फवारण्या आल्या, ज्या नकोत म्हणून तर तुम्ही मंडई सोडली ना. वेलभाज्या आणि अळू हीच या दिवसातली खरी भाजी. फ्लॉवर, मटार, गाजर थंडीत येतील, पण तुमचे सहा महिने नोव्हेंबरात संपतायत म्हणजे चांगला सीझन सुरू होताना तुम्ही बाहेर, हे त्यांनी पैसे घेतानाच सांगायला हवं होतं.

आधी पैसे घेण्यात गैर काही नाही. जपानमध्ये 1970च्या दशकात गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट असा करार सुरू केला, अमेरिकेत 1986 साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी येणाऱ्या पिकातला वाटा आधीच विकायला सुरुवात केली. बियाणं, मजुरी, सगळा खर्च पेरणीलाच असतो, तेव्हा हातात पैसा आला तर शेतकऱ्याला उसनवारी करावी लागत नाही आणि बदल्यात पीक गेलं तर नुकसान सगळ्यांचं. म्हणून न आलेल्या पिशवीचं कारण नीट विचारा. भाजी शेतातच सडली असेल तर तो तुमच्याही वाट्याचा तोटा, पण टेम्पो निघाला नाही म्हणून राहिली असेल तर ती त्यांची जबाबदारी, पुढच्या आठवड्यात भरून द्यायला सांगा. महाग आहे हे मात्र खरंय, सासूबाई चुकीचं बोलत नाहीयेत.

आणि एक, रीजनरेटिव्ह म्हणजे बिनकेमिकल असं धरून चालू नका. नेरळच्या शेतकरी चंद्रशेखर भडसावळेंचं एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) हे भातशेतीचं तंत्र घ्या, गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा नांगरट नाही, भात कापला की मुळं जमिनीतच कुजू द्यायची, त्याने गांडुळं वाढतात, माती भुसभुशीत होते. पण त्यात तणनाशक चालतं. सेंद्रियसाठी निदान पीजीएस ही प्रमाणपत्राची पद्धत आहे, ज्यात पाच किंवा जास्त शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. त्यामुळे शेतावर जा आणि सरळ विचारा, तणनाशक मारता का, नांगरता किती वेळा. जमीन उघडी पडलीय की पालापाचोळ्याने झाकलीय तेही बघा, आणि माती परीक्षणाचे दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट मागा, मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारा कार्बन) वाढतोय का कळेल. मार्केटिंगवाल्यांना हे प्रश्न आवडत नाहीत, शेतकऱ्याला आवडतात 😄

प्रश्न: ठाण्यात आमच्या सोसायटीत 30 घरं तयार आहेत. आपणच एखादा शेतकरी गाठून असं सुरू करावं का?

उत्तर: करा, पण 30 घरांनी लगेच नको, आधी जे अळूला नाक मुरडत नाहीत तेवढेच घ्या. पावसाळा संपल्यावर सुरू करा, कुठल्या महिन्यात साधारण काय येईल ते शेतकऱ्याकडून लिहून घ्या आणि पिशवी घ्यायची वेळ एकच ठेवा. न नेलेल्या पिशवीचं काय करायचं ते पहिल्याच मीटिंगला ठरवा, नाहीतर वॉचमनच्या केबिनमध्ये मेथी सुकते आणि ग्रुपवर भांडणं होतात.