लोडरच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक ऑइल कोणतं टाकायचं?

भाऊ, दुकानात जाऊन नुसतं '६८ नंबर द्या' म्हणू नका. लोडरचा पंप तेल कुठून ओढतो, ते आधी बघा.

लोडरला वेगळी टाकी असेल तर काम सोपं: अँटी-वेअर (झीज कमी करणारं) हायड्रॉलिक ऑइल, आयएसओ व्हीजी (तेलाच्या जाडपणाचा नंबर) ४६ किंवा ६८. विदर्भातल्या उन्हाळ्यात दिवसभर माती भरायची असेल तर ६८ बरं. ४६ तापल्यावर जास्त पातळ होतं आणि बकेट हळू उचलते. तरी मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय, तोच पहिला.

पण पंप गिअरबॉक्सच्या हाऊसिंगमधून तेल घेत असेल आणि ब्रेक तेलात बुडालेले असतील, तर साधं ६८ अजिबात नको. तिथे गिअर, ब्रेक आणि हायड्रॉलिक तिन्हींना चालणारं यूटीटीओ ऑइलच लागतं, तेही कंपनीने सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचं. साध्या तेलात ब्रेक करकरतात, झटके देतात आणि डिस्क लवकर झिजतात.

लेव्हल बघताना ट्रॅक्टर सपाट जागी, बकेट जमिनीवर, सिलिंडरचे दांडे आत. बकेट वर ठेवून टाकी भरली की खाली आणताना ब्रीदरमधून (टाकीच्या हवेच्या तोंडातून) तेल उसळतं.

तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. फेस येत असेल तर बहुधा तेल कमी आहे किंवा सक्शन पाइपचा क्लॅम्प ढिला आहे. आधी क्लॅम्प आवळा. तेल बदलताना ते कोमट असतानाच काढा, फिल्टर नवा टाका, सक्शनची जाळी डिझेलने धुऊन पूर्ण वाळवा.