तांबडी पेशी, साखर आणि चरबी

प्रश्न: तपासणीआधी आठ दिवस गोड बंद ठेवलं. उपाशीपोटी साखर ११० आली, पण तीन महिन्यांची ८.४. खरी कुठली? (निपाणी)

दोन्ही खऱ्या. पहिली त्या सकाळपुरती. दुसरी (एचबीए१सी) म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी, तिच्यात गेल्या तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. तांबडी पेशी मात्र साधारण १२० दिवस जगते, आणि तिच्यातल्या हिमोग्लोबिनला एकदा चिकटलेली साखर शेवटपर्यंत सुटत नाही. आठ दिवसांच्या पथ्यानं ती कशी जाईल? अंगात लोह कमी असेल तर हा आकडा फुगूनही दिसतो, म्हणून हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

प्रश्न: वडिलांना बारा वर्षं मधुमेह. तळपायाला मुंग्या येतात. 'बारीक नळ्यांत रक्त नीट फिरत नाही' असं ऐकलं. रक्त पातळ करायची गोळी देऊ का? (खानापूर)

स्वतःच्या मनानं मुळीच देऊ नका. तांबडी पेशी ७-८ मायक्रॉन रुंद, आणि सर्वांत बारीक रक्तवाहिन्या तिच्याहूनही अरुंद. पेशीला दुमडूनच आत शिरावं लागतं. तव्यावरची ताजी भाकरी दुमडते, कालची दुमडायला गेलं की मोडते, तसंच हे. पेशीचं आवरण चरबीच्या दुहेरी थराचं, त्याखाली प्रथिनांची जाळी. जास्तीची साखर त्या प्रथिनांना चिकटते, आवरणातली चरबी खराब होते, कोलेस्टेरॉलचं प्रमाण बिघडतं आणि पेशी ताठरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीनं हा ताठरपणा जात नाही. साखर आटोक्यात ठेवणं हाच त्यावरचा मुख्य उपाय. मुंग्या मात्र बहुतेकदा मज्जातंतूंच्या (रक्तवाहिन्यांच्या नव्हे) इजेमुळे येतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा. आणि रोज रात्री दिव्याखाली त्यांचे तळवे स्वतः बघा. भातलावणीच्या चिखलात अनवाणी उतरलेल्या एका काकांच्या टाचेत काटा आठ दिवस रुतून होता, त्यांना पत्ताच नव्हता. ती टाच मी अजून विसरलेलो नाही.

प्रश्न: तेल-तूप जवळपास सोडलं, कुंदा तर सणालाच. चहाही गुळाचा. तरी ट्रायग्लिसराइड ३१०! (शहापूर, बेळगाव)

ताई, यातली बरीचशी चरबी तुमच्याच यकृतात तयार होते. शरीरातल्या चरबीच्या साठ्याला इन्सुलिन कुलूप घालतं. ते कुलूप ढिलं पडलं की चरबी सुटून यकृताकडे धावते, आणि यकृत तिची ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं. त्यासोबत चांगलं कोलेस्टेरॉलही घटतं. गुऱ्हाळांच्या मुलखात हे सांगणं जड जातं, पण गूळही साखरच, आणि जास्तीच्या साखरेचीही यकृत चरबीच करतं. तो सोडा, ताटातला भात निम्म्यावर आणा, थायरॉइड तपासा. तीन महिन्यांनी उपाशीपोटी पुन्हा लिपिड (रक्तातल्या चरबीची) तपासणी करा. ट्रायग्लिसराइडचा आकडा ५०० च्या वर गेला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पोटात जोराची कळ उठली तर थेट दवाखाना गाठा, कारण स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.