आधी मार्क घसरले की आधी झोप गेली?

‘मॅडम, मार्क सुधारले की तो आपोआप ठीक होईल ना?’ मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांचे आईवडील हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला इतक्यांदा विचारतात, की त्याचं उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. मुलांचाही प्रश्न तोच असतो, शब्द तेवढे वेगळे. ‘अभ्यास अजून दोन तास वाढवला तर यातून बाहेर पडेन ना?’

चिन्मय (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) वडिलांबरोबर आला. वडीलच बोलत होते. शाळेत कायम पहिल्या तिनात, आता प्रत्येक सराव परीक्षेत खाली. काही विचारलं की अंगावर येतो. मोबाईल काढून घेतला, उपयोग शून्य. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

‘तू सांग. काय होतंय?’

‘काही नाही. आळशी झालोय.’

‘म्हणजे नेमकं काय होतं?’

‘पुस्तक उघडतो. एकच पान तीन-तीनदा वाचतो. खाली पोचेपर्यंत वरचं विसरलेलं असतं.’

आळशी मुलगा एकच पान तीनदा वाचत बसत नाही, तो पुस्तक मिटून झोपतो. हे मी त्याला तसंच सांगितलं. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलू लागला.

तो रडत नव्हता, म्हणून घरात कुणाला नैराश्याची शंका आली नव्हती. या वयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपातच दिसतं. उद्धटपणा वाढला म्हणून आणलेल्या मुलाच्या झोपेची चौकशी मी आधी करते, वागण्याची नंतर.

पुढच्या भेटीत त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. ‘डॉक्टर व्हायचंय ना? मग स्वतःचा केस पेपर लिही. डॉक्टर काय विचारतात?’

‘काय त्रास होतोय.’

‘आणि मग?’

‘केव्हापासून.’

मार्कांच्या तारखा त्याला तोंडपाठ होत्या, त्या भराभर उतरल्या. मग मी बाकीचं विचारलं. पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा लागत नाही, हे केव्हापासून? जेवणाची चव केव्हा गेली? बॅडमिंटन केव्हा सुटलं? मित्राचे फोन घेणं कधी बंद केलंस? इथे पेन अडखळू लागलं. तो खोडत होता, पुन्हा लिहीत होता, ‘थांबा, त्याच्याही आधी’ असं पुटपुटत होता. अशा वेळी तोंड बंद ठेवणं समुपदेशकाला जड जातं, पण आता मला ते बऱ्यापैकी जमतं.

कागद भरला तेव्हा मार्कांची पहिली घसरण यादीत सगळ्यात शेवटी होती. झोप, भूक, खेळ, मित्र हे सगळं तिच्या कितीतरी आठवडे आधी गेलं होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे मार्क हे कारण नाहीये. लक्षण आहे.’

हे वाक्य मी पहिल्याच भेटीत त्याला ऐकवू शकले असते. त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन रात्री दोनपर्यंत जागला असता. माणसाला पटतं ते स्वतःच्या हाताने मांडलेलं, असं मी धरून चालते.

खरा घोळ इथेच असतो. नैराश्यात लक्ष टिकत नाही, वाचलेलं मनात धरून ठेवता येत नाही, साधे निर्णयही रेंगाळतात. मार्क पडतात. मग मूल झोप कापून अभ्यास वाढवतं. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, तीच जाते आणि मार्क आणखी पडतात. औषध समजून मूल आजारच वाढवत असतं.

उदास मन किंवा कशातच रस नसणं आणि बरोबर झोप-भूक-एकाग्रता बिघडणं, हे 2 आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. थायरॉइड आणि रक्तक्षयाची तपासणीही ते सांगू शकतात, कारण या आजारांनीही माणूस असाच मलूल होतो. ‘मला डॉक्टर व्हायचंय आणि मीच गोळ्या घेऊ?’ हा चिन्मयचा प्रश्न. मी विचारलं, डॉक्टरांना मधुमेह होत नाही का? गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात, एवढं मी घरच्यांकडून वदवून घेते.

मी ‘सकारात्मक विचार कर’ असं कुणालाच सांगत नाही. आधी हालचाल, मग मन. पीटर लुइन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात हेच मांडलं: आनंद देणाऱ्या गोष्टी आयुष्यातून कमी होत गेल्या की नैराश्य टिकून राहतं. चिन्मय म्हणे, ‘इच्छा झाली की खेळायला जाईन.’ मी म्हटलं, ‘इच्छा मागून येईल, तू बूट घाल.’ उठण्याची वेळ ठरली. अभ्यास 25 मिनिटांच्या तुकड्यांत, आणि पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं.

एक प्रश्न मी टाळत नाही, पालकांनीही टाळू नये. ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. चिन्मय म्हणाला होता, ‘सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं.’ ते मी त्याच्यासमोरच वडिलांना सांगितलं आणि त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. असं काही कानावर आलं तर मुलाला एकटं सोडू नका, पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

पुढच्या सराव परीक्षेत मार्क वाढले नाहीत. वडील हिरमुसले, मी नाही. आधी झोप सुधारते, मग चिडचिड कमी होते, मार्कांचा नंबर शेवटी लागतो. परीक्षा यंदा द्यायची की पुढे ढकलायची, हा निर्णयही झोप बसेपर्यंत आम्ही बाजूला ठेवला. नंतर त्याने तो स्वतः घेतला. निकाल मी मुद्दाम सांगत नाही. वाचणारे पालक पहिला तोच शोधतील.