मागून गाडी आदळली, चौथ्या दिवशी मान धरली. आता राजीनामा, म्हणजे समझोता, लिहून द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला पलासियाच्या सिग्नलला उभे असताना मागून कारनं ठोकलं, डिकी आत गेली, त्या वेळी दोघांनाही काही लागलेलं दिसलं नाही. ठोकणारा आठ हजार देऊन राजीनामा करू म्हणतोय. पण आज चौथ्या दिवशी तुमच्या पत्नीची मान धरलीय आणि उजव्या हाताला मुंग्या येतायत. सही करावी का?

नका करू. आणि त्याच्याही आधी वहिनींना डॉक्टरांकडे घेऊन जा, बाकीचं उत्तर तिथे नंबर येईपर्यंत वाचा. नुसती मान आखडली असती तर उद्या सकाळी गेलं तरी चाललं असतं. हाताला मुंग्या येतात म्हणजे मानेतल्या नसेवर दाब आलेला असू शकतो, ते आजच्या आज दाखवायचं. हातातून वस्तू सुटत असेल, पाय जड वाटत असतील, लघवीवर ताबा राहत नसेल, उलट्या किंवा गुंगी असेल तर सरळ एमवायच्या, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, कॅज्युअल्टीत. तोवर मान चोळून घेऊ नका. "एक झटका देतो, मोकळी होईल" म्हणणारा कुणी ना कुणी घरात निघतोच, त्याला हात लावू देऊ नका.

हे इतक्या ठासून सांगतेय कारण मी सही केली होती. २०२३ चा डिसेंबर, मी आणि बाबा गीता भवनकडून राजेंद्रनगरला घरी चाललो होतो. सिग्नल लाल, माझा पाय ब्रेकवर. धक्क्यापेक्षा आवाजच मोठा वाटला. बाबांचा चष्मा उडून डॅशबोर्डवर पडला होता, तो त्यांनी उचलून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "काही नाही गं, चल." मागच्या गाडीतला मुलगा विशीतला, त्याचे हात थरथरत होते. मला त्याची दया आली. वहीच्या पानावर लिहून दिलं, "मुझे कोई चोट नहीं आई है, मैं कोई कार्यवाही नहीं चाहती." बंपरचे साडेतीन हजार घेतले आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुळण्या करायला मान मागे टाकायला गेले आणि बेसिनची कड घट्ट धरून उभी राहिले. मान मागे जाईचना.

मागून धक्का बसला की सीट आपल्या पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र क्षणभर जागच्या जागी राहतं. मान आधी मागे वाकते आणि लगेच पुढे फेकली जाते. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात. स्नायू ताणले गेलेले असतात, पण सूज चढायला वेळ लागतो, शिवाय रस्त्यावर घाबरलेल्या अवस्थेत दुखणं जाणवतही नाही. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी ते वर येतं. म्हणून "त्याच वेळी का नाही दुखलं?" असं कुणी विचारलं तर गोंधळून जाऊ नका, या दुखण्याची चालच तशी आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, ताणलेला स्नायू दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे वहिनी उगाच कण्हतायत असं नाही. हाड आणि नस ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मान हळूहळू हलवत राहायची. आठवडेच्या आठवडे कॉलर घालून बसलं तर ती आणखी आखडते.

बाबांचं वेगळंच होतं. ते रक्त पातळ करण्याची गोळी घेतात. अशा माणसाच्या डोक्याला हलका मार बसला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी सीटी स्कॅन करायला लावला. देवाच्या कृपेनं काही निघालं नाही. मला हे आधी माहीत असतं तर मी आदल्या रात्रीच त्यांना नेलं असतं.

आता कागदाचं. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा "मान दुखते" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या तारखेला, कुठल्या चौराह्यावर, उभ्या गाडीला मागून कार आदळली, हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. माझ्या पहिल्या केसपेपरवर नुसतं "मानदुखी, एक दिवस" होतं. अपघाताचा शब्दसुद्धा नव्हता. तशा कागदावरून दुखणं अपघाताचं की चुकीच्या उशीचं, हे कुणाला कळणार? अपघात सांगितला की रुग्णालय एमएलसी करतं, म्हणजे पोलिसांना कळवतं. त्याला घाबरू नका, तो तुमचाच पुरावा आहे. फिजिओथेरपीच्या पावत्या, औषधांची बिलं, रिक्षाचं भाडं, वहिनींनी कामावर घेतलेल्या सुट्ट्या, सगळं एका फाइलमध्ये तारखेनं लावत जा.

एफआयआरला चार दिवस उशीर झाला म्हणून हात आखडू नका. एफआयआर उशिरा झाली एवढ्याच कारणानं अपघाताचा दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलेलं आहे. उशिराचं कारण मात्र त्यात लिहा: त्या दिवशी त्रास नव्हता, अमुक दिवशी सुरू झाला. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ निष्काळजी गाडी चालवण्यासाठी आणि १२५ त्यातून झालेल्या इजेसाठी लागतं. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. चौराह्याजवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात टक्कर आली असेल तर आजच विचारा, नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं. आणि गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअरला बघू द्या.

पैसे कुणाकडून? बहुतेकांचा गोंधळ इथे होतो. वहिनींच्या दुखापतीची भरपाई तुमचा विमा देणार नाही, ती ठोकणाऱ्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळते. त्याचा विमा चालू असेल तर ठोकणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, म्हणजे "बिचाऱ्याला कशाला त्रास" हा विचारही इथे लागू नाही. गाडीचा नंबर एमपरिवाहन ॲपमध्ये टाकलात तर विमा चालू आहे का ते दिसतं. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. तुम्ही राहता तिथेही तो करता येतो. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, आजच कॅलेंडरवर खूण करा. अपघातात कुणी जखमी झालं असेल तर पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, त्याचाही पाठपुरावा करा. वकिलाची फी नको असेल तर वहिनींच्या नावानं जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

भरती करायची वेळ आलीच तर २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा खर्च. तुमचे चार दिवस गेलेत, त्यामुळे रुग्णालयात पाऊल ठेवताच विचारा.

आणखी एक. "मागचा नेहमीच दोषी" यावर विसंबू नका. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात हायवेवर इशारा न देता अचानक ब्रेक लावणाऱ्या पुढच्या कारवाल्यालाच ५० टक्के जबाबदार धरलं. तुमची गाडी लाल सिग्नलला उभी होती, ही तुमची मोठी बाजू आहे. म्हणून ती वाक्यागणिक नोंदवा: सिग्नल लाल होता, गाडी थांबलेली होती, ब्रेकलाइट चालू होते.

राजीनाम्याबद्दल. महाराष्ट्रातून नवीन आला असाल तर सांगते, इकडे ठाण्यात आणि कोर्टात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नव्हे, समझोता. तो करूच नये असं मी म्हणत नाही. डिकीचे आठ हजार घ्यायचेच असतील तर कागदावर फक्त गाडीच्या दुरुस्तीचा उल्लेख असू द्या. "चोट नहीं आई" हे तीन शब्द त्यात असतील तर पेन खाली ठेवा. विमा कंपनीचा वकील उद्या तोच कागद पुढे करेल. वहिनींचे उपचार संपू देत, डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे, मग खुशाल मिटवा, पण लोकअदालतीत. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून आकडा नीट ठरवूनच तिथे सही करायची.

मी माझ्या त्या चिठ्ठीला घाबरून दावाच केला नाही. तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीचे पैसे घरातून गेले. अशा चिठ्ठीनं बाजू कमजोर होते पण दार बंद होत नाही, हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. तुमचा आज चौथाच दिवस आहे. आज रात्री डॉक्टर काय म्हणाले ते इथेच कळवा, मी बघत राहीन.