कुठला हॅम उपग्रह आज चालू आहे, हे नाशिकमधून कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकरोडला राहता, एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतलंय, फोनमधल्या ॲपवर हॅम उपग्रहांची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठीच्या उपग्रहांची, भलीमोठी यादी दिसते. फेरीची, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून जाण्याची, वेळ गाठून गच्चीवर जाता, पण बहुतेकदा नुसती खरखरच ऐकू येते. यातले चालू कुठले आणि बंद कुठले, हे आधीच कसं कळणार?

ॲपला उपग्रह कुठे आहे एवढंच कळतं. तो बोलतोय की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. कक्षेच्या आकड्यांवरून ते गणित करतं, आणि बॅटरी गेलेला उपग्रहही तितक्याच नेमाने नाशिकवरून जातो. आपला हॅमसॅट घ्या. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत तो वर गेला. जेमतेम साडेबेचाळीस किलोचा होता, पण जगभरचे हॅम त्याला व्हीओ-५२ म्हणून ओळखायचे आणि नऊ वर्षं त्याच्यावरून बोलायचे. जुलै २०१४ मध्ये त्याच्या लिथियम आयन बॅटरीने मान टाकली आणि तो गेला. त्यानंतरही कक्षा होतीच, याद्यांमध्ये नावही होतंच. याउलट एओ-९२ हा आपल्याच पीएसएलव्ही-सी४० ने जानेवारी २०१८ मध्ये सोडलेला उपग्रह २०२४ च्या सुरुवातीला वातावरणात जळूनच गेला. जुन्या याद्यांमध्ये तोही अजून सापडेल. म्हणून ॲपमधली कक्षेची माहिती आधी ताजी करून घ्या.

आता ‘बंद’ म्हणजे नक्की काय, ते बघा. ऐकू न येणारा प्रत्येक उपग्रह मेलेला नसतो, आणि हे सगळ्यात छान समजतं ते एओ-७ वरून. १५ नोव्हेंबर १९७४ ला सोडलेला हा उपग्रह साडेसहा वर्षं चालला आणि १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन गप्प झाला. सगळ्यांनी त्याची आशा सोडली. मग २१ जून २००२ ला, तब्बल एकवीस वर्षांनी, त्याच्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा मोर्स ऐकू आला! बॅटरीतला शॉर्ट कधीतरी तुटला असणार. त्यामुळे सौर पॅनेलची वीज बॅटरीत जिरायची थांबली आणि थेट ट्रान्समीटरला मिळू लागली. तेव्हापासून त्याचं साधं गणित आहे: ऊन असेल तर चालू, पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद. पलीकडे बाहेर आला की पुन्हा चालू. मात्र उठताना तो कुठल्या मोडमध्ये, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सींवर, उठेल याचा नेम नाही. मोड बी मध्ये असला तर बीकन (उपग्रहाचा स्वतःचा ओळखीचा सिग्नल) १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास मिळतो, मोड ए मध्ये असला तर थेट २९.५ वर. वर्षातल्या ज्या दिवसांत त्याच्या कक्षेला सावलीच लागत नाही, तेव्हा तो चोवीस तासांच्या टायमरवर मोडची अदलाबदल करतो. म्हणजे तुम्ही १४५ वर कान लावून बसलात आणि तो त्या दिवशी २९ वर बोलत असला, तर तुमच्या लेखी तो ‘बंद’च.

एकदा रात्रीच्या फेरीत मी त्याचा बीकन ऐकत होतो. मोर्समध्ये ‘एचआय एचआय’ आणि मागून तीन-तीन आकड्यांचे गट, संथ लयीत. एका गटाच्या मधेच आवाज तुटला. खरखरीत हळूहळू बुडाला नाही, कात्री लावावी तसा तुटला. ॲपमध्ये पाहिलं तर उपग्रह अजून क्षितिजाच्या चांगलाच वर होता आणि नकाशावरची सावलीची कड नेमकी तिथेच होती. हा फरक लक्षात ठेवा, फार कामाला येतो. क्षितिजाखाली जाणारा सिग्नल विरत जातो, सावलीत जाणारा तुटतो.

उन्हाशी बांधलेले इतरही आहेत. नोव्हेंबर २०१७ चा एओ-९१ घ्या. त्याची बॅटरी थकली म्हणून सावलीत असताना त्याच्यावरून बोलू नका, अशी विनंतीच त्याच्या चालकांनी केली होती. माझं मत विचाराल तर जुन्या उपग्रहांसाठी दिवसाच्या फेऱ्या पकडा. रात्रीची शांतता तुम्हाला आवडत असेल, पण त्या बिचाऱ्यांना ऊन लागतं.

एसओ-५० ची गोष्ट वेगळी. डिसेंबर २००२ चा हा उपग्रह ऐकायचा ४३६.७९५ वर, पण त्याच्यात दहा मिनिटांचा टायमर आहे. खालून कुणीतरी ७४.४ हर्ट्झचा टोन लावून त्याला जागं करावं लागतं, नाहीतर त्याचा ट्रान्समीटर बंदच राहतो. युरोप-अमेरिकेवर तो जातो तेव्हा कुणी ना कुणी हे काम केलेलं असतं. आपल्याकडे हॅम विरळ, म्हणून तो डोक्यावरून धडधाकट जातो आणि ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही. तुमच्याकडे नुसता रिसीव्हर आहे, त्यामुळे त्याला जागं करणं तुमच्या हातात नाही. त्यासाठी एएसओसी ही हॅम चालकाची परीक्षा देऊन परवाना काढावा लागेल, आणि तो जरूर काढा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रिपीटर (खालून आलेला आवाज पुन्हा खाली पाठवणारा संच) ४३७.८०० वर मिळतो. स्पेसवॉक असेल किंवा एखादं यान जोडलं जात असेल, तर सुरक्षेसाठी तो बंद ठेवतात. त्यामुळे स्थानकाच्या बातम्यांवर नजर ठेवा, कारण तिथेच सापडतं. १४५.८२५ वर त्याचं पॅकेट रेडिओ, म्हणजे छोटे डिजिटल संदेश, असतं, आणि अधूनमधून १४५.८०० वर चित्रं पाठवतात. ती चित्रं साध्या हँडहेल्ड सेटवरही येतात.

इंडोनेशियाचा आयओ-८६ हाही नाशिककरांनी समजून घ्यावा असा. २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅटसोबत पीएसएलव्हीनेच तो नेला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त सहा अंशांचा कोन करते, त्यामुळे तो नाशिकवर कधीच येत नाही. दक्षिणेला क्षितिजापासून फार तर चौदा-पंधरा अंश वर दिसतो. दक्षिणेला शेजारची सोसायटी उंच असेल तर उपग्रह चालू असूनही तुमच्यासाठी नाही. शिवाय त्याचा रिपीटर वेळापत्रकाने चालू-बंद करतात.

मग ताजी माहिती कुठून घ्यायची? ॲमसॅट ही हॅम उपग्रहवाल्यांची संस्था जगभरच्या ऐकणाऱ्यांकडून आलेल्या नोंदींचा तक्ता ठेवते. त्यात निळा चौकोन म्हणजे रिपीटर किंवा ट्रान्सपॉन्डर (एकदम अनेकांचे सिग्नल परत पाठवणारा संच) चालू, पिवळा म्हणजे फक्त बीकन किंवा टेलिमेट्री (उपग्रहाच्या तब्येतीचे आकडे), लाल म्हणजे काहीच ऐकू आलं नाही, आणि केशरी म्हणजे नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. पण हा तक्ता नुसते रंग बघून वाचू नका. निळी नोंद अमेरिकेतली भरदुपारची असेल, तर आपल्या मध्यरात्रीच्या फेरीबद्दल ती काहीच सांगत नाही. लाल नोंदीत तर उपग्रहापेक्षा ऐकणाऱ्याच्या केबलचाच दोष असू शकतो. एकाच दिवसात वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन-चार निळे दिसले, तर मी भरवसा ठेवतो.

आणि तुमची बाजूही एकदा तपासा. ४३७ मेगाहर्ट्झवर डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगाने फ्रिक्वेन्सी सरकल्यामुळे, फेरीच्या सुरुवातीला सिग्नल सुमारे दहा किलोहर्ट्झ वर असतो आणि शेवटी तितकाच खाली. म्हणजे स्थानक उगवताना ४३७.८१० वर शोधा आणि मावळताना ४३७.७९० वर. शहरातली एफएम केंद्रं स्वस्त डोंगलला बधिर करतात, म्हणून एफएम अडवणारा फिल्टर लावा आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) थोडा कमी करून बघा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घरचा मेन स्विच दोन मिनिटं पाडा. खरखर एकदम उतरली, तर दोष घरातल्या एलईडी बल्बचा नाहीतर चार्जरचा. डोंगलसोबत आलेली ती वीतभर अँटेना बाजूला ठेवा. स्टीलची मोजपट्टी आणि पीव्हीसी पाइप यांची यागी, म्हणजे एकाच दिशेने ऐकणारी अँटेना, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानातून होते, आणि ती हातात धरून उपग्रहाकडे रोखता येते. जाता जाता: जुन्या व्हिडिओंत नोआ-१५, १८, १९ या हवामान उपग्रहांवर अँटेना तपासायला सांगतात. ते तिघेही २०२५ मध्ये कायमचे बंद केले, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

फेऱ्यांचा हिशेबच नको असेल तर क्यूओ-१०० आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेला हा उपग्रह २५.९ अंश पूर्वेला स्थिर आहे, नाशिकमधून चोवीस तास दिसतो, साधारण बत्तीस अंश उंचीवर. फ्री डिशची छत्री ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाकडे, म्हणजे आग्नेयेकडे असते. याच्यासाठी तशीच जुनी साठ सेंटिमीटरची छत्री पश्चिम-नैऋत्येला वळवा, पीएलएल एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी बसणारा, फ्रिक्वेन्सी खाली उतरवणारा भाग) लावा आणि बायस-टीने, म्हणजे अँटेनाच्या केबलमधूनच वीज पाठवणाऱ्या जोडणीने, त्याला १३ व्होल्ट द्या. १०४८९.५५० मेगाहर्ट्झचा सिग्नल तुमच्या डोंगलवर ७३९.५५० ला उतरेल. तुमचं सामान नीट चाललंय की नाही, हेही त्यावरून लगेच कळतं.

एक मनापासून मागणं आहे. भारतातून त्या तक्त्यात नोंदी फार कमी जातात, म्हणूनच आपल्याला परक्यांच्या नोंदींवर अंदाज बांधावे लागतात. परवाना आणि कॉलसाइन मिळालं की तुमच्या नोंदी टाकत चला. आदल्या फेरीत स्थानक नीट ऐकू आलं असेल, तरच दुसऱ्या उपग्रहाची ‘ऐकू आला नाही’ अशी नोंद करा. नोंदीत ग्रिड चौकोन (पृथ्वीवरची तुमची जागा सांगणारा छोटा संकेत) विचारतात, आणि वीस अंश अक्षांशाची रेषा आपल्या शहरातूनच जाते. नाशिकरोड, सिडको, इंदिरानगर एमके६९ मध्ये येतं. फेरी पंचवटीतून किंवा मखमलाबादहून ऐकलीत, तर एमएल६० लिहा.