१६ जीबी रॅम असूनही मोठी फाइल उघडताना जावाचा प्रोग्रॅम ‘जावा हीप स्पेस’ दाखवून बंद पडतो. कमांड लाइनवरून मेमरी कशी वाढवायची?

तुमच्या मशीनमध्ये रॅम कमी नाही. जावाला वेगळं काही सांगितलं नाही, तर ती एकूण रॅमच्या साधारण पाव भागापर्यंतच हीप (प्रोग्रॅमचा डेटा ठेवायची मेमरी) वाढवते. १६ जीबीचा पाव म्हणजे ४ जीबी. तुमची मोठी फाइल त्यात मावत नाही, म्हणून बाकीची रॅम रिकामी असतानाही ‘आउट ऑफ मेमरी’ येतं.

कमांड अशी (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाका):

जावा -एक्सएमएक्स६जी -जार प्रोग्रॅम.जार

एक्सएमएक्स म्हणजे हीपची कमाल मर्यादा. यातला पहिला एक्स कॅपिटल, पुढचे एम आणि एक्स स्मॉल. आकडा त्यांना चिकटूनच हवा, मध्ये स्पेस सोडली की जावा ‘इनव्हॅलिड मॅक्सिमम हीप साइझ’ म्हणून सुरूच होत नाही. ‘६जीबी’ लिहिलंत तरी तेच, फक्त ‘जी’ हवा. आणि नुसतं ६ लिहिलं तर जावा ते ६ बाइट धरते!

सगळ्यात जास्त चुका मात्र जागेच्या होतात. एक्सएमएक्सचा पर्याय ‘-जार’च्या आधीच यायला हवा. फाइलच्या नावानंतर लिहिलेलं सगळं जावा स्वतः वाचत नाही, प्रोग्रॅमकडे पाठवून देते. बरेच प्रोग्रॅम अनोळखी शब्दाकडे काणाडोळा करतात, त्यामुळे कुठलाही एरर येत नाही, प्रोग्रॅम नेहमीसारखा उघडतो आणि मर्यादा जुनीच राहते. ‘वाढवून पाहिलं, फरक पडला नाही’ असं कुणी म्हटलं, तर मी आधी हेच तपासायला सांगेन.

तपासायचं असं. प्रोग्रॅम चालू ठेवा, दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘जेसीएमडी’ चालवा (ही कमांड जेडीके, म्हणजे जावाच्या डेव्हलपरांसाठीच्या पॅकेजबरोबर येते). चालू असलेल्या जावा प्रोसेसची यादी आणि प्रत्येकीचा नंबर दिसेल. मग जेसीएमडी, तो नंबर आणि ‘व्हीएम.फ्लॅग्ज’ असं लिहा. उत्तरात ‘मॅक्सहीपसाइझ’समोर ६४४२४५०९४४ दिसलं तर ६ जीबी लागू झाले. आकडा बाइटमध्ये असतो, दचकू नका.

प्रोग्रॅम आयकॉनवरून किंवा स्क्रिप्टमधून उघडत असाल, तर कमांडला थेट हात लावता येत नाही. मग ‘जावा_टूल_ऑप्शन्स’ हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टममध्ये नावाने ठेवलेली सेटिंग) सेट करा, नावातली सगळी अक्षरं कॅपिटल, आणि त्यात ‘-एक्सएमएक्स६जी’ लिहा. तो वाचला गेला तर सुरू होताना जावा ‘पिक्ड अप’ अशी ओळ छापते. पण दोन गोष्टी: तो त्या वातावरणातून सुरू होणाऱ्या प्रत्येक जावा प्रोग्रॅमला लागतो, आणि स्क्रिप्टमध्ये आधीच स्वतःचा एक्सएमएक्स लिहिलेला असेल तर स्क्रिप्टचाच आकडा चालतो. तेव्हा स्क्रिप्ट उघडून तिथलाच आकडा बदला. विंडोजवर चाचणी करताना ‘जावाडब्ल्यू’ नको, ‘जावा’च वापरा; जावाडब्ल्यूला कन्सोल नसतं, त्यामुळे प्रोग्रॅम चालताना आलेला एरर बहुतेकदा डोळ्यांना दिसत नाही.

‘कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस’ असं आलं, किंवा आकडा नीट लिहूनही ‘इनव्हॅलिड मॅक्सिमम हीप साइझ’च आलं, तर ‘जावा -व्हर्जन’ चालवून बघा. शेवटच्या ओळीत ‘६४-बिट’ नसेल तर तुमची जावा ३२-बिट आहे, आणि विंडोजवर ती साधारण दीड जीबीच्या पुढे जात नाही. ६४-बिट जावा टाका, दुसरा इलाज नाही.

आकडा किती द्यायचा? १६ जीबीच्या मशीनवर मी ६ ने सुरुवात करेन, फार तर ८. १४ देण्याचा मोह टाळा. ही मर्यादा फक्त हीपची आहे; क्लासची माहिती, थ्रेडचे स्टॅक, बफर हे सगळं त्याच्या बाहेर, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेस ६ जीबीच्या वर दिसली तर ते बरोबरच आहे. त्यात ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टम मिळवा, की स्वॅप, म्हणजे रॅम पुरेनाशी झाल्यावर तिच्यातला भाग डिस्कवर टाकणं, सुरू होतो. गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) हीपभर फिरत असतो. हीपचा भाग डिस्कवर गेला की प्रत्येक फेरीला तो परत आणावा लागतो, आणि प्रोग्रॅम बंद पडण्याऐवजी मिनिटंच्या मिनिटं गोठतो. ते जास्त त्रासाचं. सुरुवातीच्या हीपचा पर्याय, एक्सएमएस, आहे तसाच राहू द्या.

८ जीबी देऊनही तीच फाइल, तेच काम, आणि फक्त थोड्या उशिराने तोच एरर, असं झालं तर प्रोग्रॅम मेमरी सोडतच नसण्याची शक्यता मोठी. तेव्हा एक्सएमएक्सच्या शेजारी ‘-एक्सएक्स:+हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर’ जोडा. प्रोग्रॅम पडताना ‘एचप्रॉफ’ फाइल (त्या वेळी हीपमध्ये काय होतं त्याची नोंद) तयार होईल, ती प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना दाखवा. ही फाइल भरलेल्या हीपएवढी मोठी होऊ शकते, म्हणून आधी डिस्कवर तेवढी जागा आहे ना ते बघून घ्या.