अमेरिकेच्या वायव्य भागातल्या कोलंबिया आणि स्नेक नदीवरची छोट्या जहाजाची सफर भूगर्भ व इतिहासाच्या आवडीसाठी करावी का?

हो, जरूर करा, आणि शक्य असेल तर पोर्टलँडहून क्लार्कस्टनपर्यंतची पूर्ण सफर घ्या. या वाटेवर आठ धरणांच्या लॉकमधून (पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या बंदिस्त कप्प्यांमधून) जहाज पायरी-पायरीने वर चढतं. काठावरचे बेसॉल्टचे थर पाहून सह्याद्रीचे कडेच आठवतात. जडणघडण तशीच, लाव्हाच्या थरावर थर, फक्त वय बरंच कमी: दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा, इथला बहुतांश दीड कोटीच्या आसपासचा. हिमयुगाच्या अखेरीस मिसुला या प्राचीन सरोवराचा बर्फाचा बांध पुन्हापुन्हा फुटला आणि त्या महापुरांनी कोलंबियाची ही घळ खरवडून काढली. वॉलुला गॅप या नदीवरच्या खिंडीच्या अरुंद तोंडाशी पाणी कसं तुंबलं असेल, हे डेकवर उभं राहिल्यावरच उमगतं. 1805 मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेले लुईस आणि क्लार्क याच नद्यांनी समुद्राकडे उतरले. एक मात्र ध्यानात ठेवा: त्यांनी पाहिलेली नदी आता उरलेली नाही. मूळ रहिवाशांचं हजारो वर्षांचं मासेमारीचं आणि व्यापाराचं ठिकाण असलेला सेलिलो धबधबा 1957 मध्ये द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली बुडाला. म्हणून किनाऱ्यावरच्या संग्रहालयांची फेरी चुकवू नका.